टाइड, मारेआ आणि आपली भरती-ओहोटी

माहीमची | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं, ऑफिस सुटल्यावर आठवड्यातून दोनदा स्पॅनिशच्या वर्गाला जाते. गेल्या आठवड्यात बाईंनी भाषांतरासाठी एक इंग्रजी उतारा दिला. एका लहानशा बंदराचं वर्णन होतं. त्यात मच्छीमारांच्या होड्या 'स्प्रिंग टाइड'ला बाहेर पडतात अशा अर्थाचं वाक्य होतं. मी 'मारेआ दे प्रिमावेरा' असं लिहून दिलं. प्रिमावेरा म्हणजे वसंत ऋतू. वही परत आली तेव्हा त्यावर लाल रेघ होती आणि बाजूला बाईंच्या अक्षरात 'मारेआ बीबा'. शब्दशः घेतलं तर जिवंत भरती.

घरी येऊन कोश उघडला. या स्प्रिंगचा वसंताशी काडीचा संबंध नाही. हा स्प्रिंग म्हणजे उसळणं, झेप घेणं. म्हणजे आपलं उधाण! चूक साधी होती, पण माझ्या मनाला लागून राहिली. माझा जन्म माहीमचा, खाडी घरापासून पाच मिनिटांवर. पौर्णिमेला पाणी कुठवर चढतं आणि अष्टमीला कुठे थांबतं हे मी लहानपणापासून बघत आले. तरी इंग्रजी वाक्य वाचताना मला उधाण आठवलं नाही. मराठीवरून गेले असते तर ही चूक झालीच नसती.

तेव्हापासून या एका शब्दाच्या मागे आहे. आतापर्यंत हाती लागलेलं सांगते. टाइडला स्पॅनिशमध्ये मारेआ. पाणी पूर्ण भरलं की प्लेआमार, पूर्ण उतरलं की बाखामार. बोलताना मारेआ आल्ता आणि मारेआ बाखा, म्हणजे उंच आणि खालची, असंही सर्रास म्हणतात. उधाण ती मारेआ बीबा, आणि तिच्या उलट जी असते ती मारेआ मुएर्ता, मेलेली.

अडतंय ते मराठीत. आपल्याकडे टाइडला एकच असा शब्द नाही का? भरती म्हटलं की अर्धी गोष्ट, ओहोटी म्हटलं की उरलेली अर्धी. आणि त्या 'मेलेल्या' मारेआला आपण काय म्हणतो? शाळेत शिकवलं होतं, आता काही केल्या आठवत नाही.

शब्दवेडा | सोमवार, रात्री १०:०५

भांग. उधाणाची भरती-ओहोटी आणि भांगाची भरती-ओहोटी, भूगोलाच्या पुस्तकात अशीच जोडी होती. केसांतला भांग वेगळा, हा वेगळा.

एका शब्दाबद्दल उद्या लिहितो. काहीतरी वाचल्याचं आठवतंय, पण कोश बघितल्याशिवाय बोलणार नाही.

वेसावकरीण | सोमवार, रात्री १०:५०

ताई, भांग हा पुस्तकातला शब्द नव्हे हो. आमच्या वेसाव्यात तो रोज चुलीपाशी बोलला जातो. 'आता भांग आहे, चार दिवस काय मिळायचं नाही' हे आजी आईला सांगायची आणि त्यावर घरचा खर्च ठरायचा.

का ते सांगते, कारण स्पॅनिशवाल्यांनी त्याला मेलेलं का म्हटलं ते मला एकदम पटलं. आमच्याकडे डोल जाळं असतं. डोल म्हणजे लांबच लांब पिशवी, तोंडाशी रुंद आणि शेवटाकडे निमुळती. ती पाण्यात एका जागी पक्की बांधतात, तोंड पाण्याच्या ओढीकडे. जाळं माशामागे जात नाही, पाणीच मासळीला जाळ्यात आणून घालतं. बोंबील, जवला, सगळं ओढीबरोबर आत येतं. पाणी फिरायच्या वेळेला जाळं उचलायचं, रिकामं करायचं आणि उलट्या ओढीसाठी पुन्हा लावायचं. म्हणजे आमचं घड्याळ भिंतीवर नसतं, पाण्यात असतं.

आता उधाणात पाणी जोरात धावतं, डोल फुगते, जाळं भरून येतं. भांगात पाणी हलतं, पण त्यात जोर नसतो. डोल लोंबत राहते. तेव्हा माणसं किनाऱ्यावर बसून जाळी शिवतात, होडीची डागडुजी करतात. किनाऱ्यावरच्या बाईला ते पाणी मेलेलंच दिसणार. कुठल्या स्पॅनिश कोळणीने हा शब्द काढला असेल तर ती माझ्या नात्यातलीच म्हणायची.

आणखी एक. भरती 'येते', पण ओहोटी 'लागते'. तहान लागते, भूक लागते, तशी. हे तुमच्या स्पॅनिशमध्ये कसं सांगतात?

माहीमची | सोमवार, रात्री ११:१५

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ओहोटी लागते हे मी आयुष्यभर बोलत आले आणि त्याकडे कधी लक्षच गेलं नाही. स्पॅनिशमध्ये सरळ हिशेब आहे, मारेआ चढते आणि मारेआ उतरते. 'सुबे ला मारेआ', 'बाखा ला मारेआ'. जिन्यावरच्या माणसासारखी. आपल्याकडे मात्र भरती पाहुणीसारखी येते आणि ओहोटी दर्याला आतून लागते.

दादरचे मास्तर | मंगळवार, सकाळी ७:२०

पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

मुलांना सगळ्यात जास्त चुकवणारी म्हण म्हणजे 'टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन'. मुलं लिहितात, काळ आणि समुद्राची भरती कोणासाठी थांबत नाही. आज तसा अर्थ घेतला तर बिघडत नाही. पण या म्हणीतला टाइड मुळात समुद्रातला नव्हेच. जुन्या इंग्रजीत 'टीड' म्हणजे वेळ, घटका, हंगाम. जर्मन भाषेतला 'त्साइट', स्वीडिश आणि डॅनिशमधला 'तिद', हे सगळे त्याचेच भाऊबंद आणि सगळ्यांचा अर्थ वेळ. ख्रिसमसटाइड म्हणजे नाताळाचा काळ, ईव्हनटाइड म्हणजे सांजवेळ. नीटनेटक्याला आपण 'टायडी' म्हणतो, त्याचाही मूळ अर्थ वेळेवरचा, ज्या त्या वेळी होणारा. म्हणजे ती म्हण एकच गोष्ट दोन शब्दांनी सांगते, जशी आपण 'काळवेळ' म्हणतो.

समुद्राचं पाणी ठरल्या वेळी चढतं आणि उतरतं, म्हणून चौदाव्या शतकाच्या सुमारास तोच शब्द पाण्यासाठीही रूढ झाला. पुढे पाण्याचा अर्थ इतका वरचढ झाला की वेळेचा अर्थ नाताळासारख्या दोन-चार जोडशब्दांत तेवढा उरला. जर्मनांनी मात्र दोन्हींचं नातं उघड ठेवलं. भरती-ओहोटीला ते 'गेत्साइटन' म्हणतात, त्यात त्साइट स्पष्ट ऐकू येतो.

'टाइड ओव्हर' या प्रयोगाचं भाषांतर विचारलं की विद्यार्थी गडबडतात. वारा पडला की शिडाची जहाजं नुसत्या भरती-ओहोटीच्या ओढीवर पुढे सरकत. त्यावरून अडचणीच्या दिवसांत कसंबसं निभावून नेणं असा अर्थ आला. माझं आवडतं भाषांतर 'वेळ निभावणे'. बघा, टाइडच्या जागी नकळत वेळ आली की नाही!

माहीमची | मंगळवार, सकाळी ८:०५

मास्तर, नमस्कार. 'टाइड ओव्हर'साठी बाईंनी 'साकार दे उन आपुरो' सांगितलं होतं, नडीतून बाहेर काढणं. त्यात समुद्रही नाही आणि वेळही नाही. आमच्या मराठीने वेळ सांभाळली हे वाचून फार बरं वाटलं.

आणि त्या म्हणीबद्दल. स्पॅनिशमध्ये मला एक वेगळीच सापडली. 'कामारोन के से दुएर्मे, से लो येबा ला कोर्रियेंते.' जी कोलंबी झोपते तिला ओढ वाहून नेते. लॅटिन अमेरिकेत ही लहान मुलांच्याही तोंडी असते.

वेसावकरीण | मंगळवार, सकाळी ८:३०

आणि ती वाहत येते ती माझ्या डोलीत! जवला जागा असला तरी वाहतोच, एवढा बारका जीव तो, ओढीपुढे त्याचं काय चालणार. पण म्हण करणाऱ्याने दर्या बघितलेला आहे.

गिरगावकर | मंगळवार, दुपारी १:१०

वाचतोय. चौपाटीच्या माणसाला हे सगळं वर्षातून एकदा नीट कळतं, अनंत चतुर्दशीला. चतुर्दशी म्हणजे पौर्णिमेचा आदला दिवस, दर्या उधाणाच्या तयारीत. मोठ्या मूर्ती तराफ्यावर चढवायला किती पाणी हवं आणि किती नको, ते ठरवणारी माणसं पाण्याकडे बघत उभी असतात. मिरवणूक कितीही वेळ चालो, शेवटचा शब्द पाण्याचा.

दर्यावर्दी | मंगळवार, रात्री ९:३०

मर्चंट नेव्हीत तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी अटलांटिकच्या बंदरांत. स्पॅनिशच्या बाजूने थोडी भर घालतो.

स्पेनला दोन समुद्र आहेत आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. भूमध्य समुद्राच्या बाजूला, बार्सिलोनासारख्या बंदरात, भरती-ओहोटीचा फरक काही सेंटिमीटरांत मोजावा इतका. धक्क्यावर महिनाभर राहिलात तरी लक्षात येणार नाही. उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या अटलांटिक किनाऱ्यावर मात्र उधाणात चार मीटरपर्यंत पाणी वरखाली होतं, जवळजवळ आपल्या मुंबईसारखं. आणि गंमत अशी की 'मारेआ' हा शब्द स्पॅनिशमध्ये फ्रेंच 'मारे'वरून आला. फ्रेंच आणि स्पॅनिश दोघांचं मूळ लॅटिन 'मारे', म्हणजे समुद्र. माझा अंदाज असा, की भूमध्य समुद्राच्या माणसांना या शब्दाची फारशी गरजच पडली नसावी. अटलांटिकच्या दर्यावर्दींबरोबर तो आला असणार.

ज्याला भरती-ओहोटीची सवय नाही त्याची कशी धांदल उडते याची जुनी उदाहरणं आहेत. इसवी सनपूर्व ३२५ मध्ये सिकंदराचं आरमार सिंधूच्या मुखाशी पोचलं. भूमध्य समुद्रावर वाढलेली ती माणसं. ओहोटी लागली आणि जहाजं चिखलात बसली, मग भरतीचा लोंढा आला आणि जहाजं एकमेकांवर आदळली. इसवी सनपूर्व ५५ मध्ये सीझर ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हाही तेच. पौर्णिमेच्या रात्री उधाण आलं, त्यात वादळ, आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जहाजं पाण्याने भरली. पौर्णिमेला उधाण येतं हे रोमनांना ठाऊक नव्हतं. वेसाव्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

माहीमची ताईंनी सांगितलेल्या शब्दांत आणखी दोन ठेवा. पाणी चढायचं थांबलेलं आहे आणि उतरायला लागलेलं नाही, त्या मधल्या निवांत क्षणाला स्पॅनिश खलाशी 'एस्तोआ' म्हणतात. आणि पाणी फिरायला लागतं त्याला 'रेपुंतार'. हल्ली तिकडे तक्त्यात 'कोएफिसियेंते' छापतात, साधारण २० ते १२० पर्यंतचा आकडा. २०च्या बाजूला मेलेलं पाणी, १२०च्या बाजूला जिवंत. मच्छीमार आणि शिंपले गोळा करणारे सकाळी तोच आकडा आधी बघतात.

मारेओ हाही त्याच घरातला शब्द. चक्कर, मळमळ, विशेषतः बोटीवरची. तिकडे माणसाला 'समुद्र' होतो, आपल्याकडे 'बोट लागते'. रेवसच्या लाँचवर जूनच्या सुरुवातीला बसलेल्या कोणालाही विचारा.

शब्दवेडा | मंगळवार, रात्री १०:२०

मास्तरांचा प्रतिसाद वाचल्यावर राहवेना. काल म्हटलं होतं ते शोधून काढलं.

माहीमची ताईंचा मूळ प्रश्न होता की टाइडला एकच शब्द नाही का. आहे. होता. संस्कृतात 'वेला'. अमरकोशात नानार्थवर्गात ओळ आहे: 'अब्ध्यम्बुविकृतौ वेला कालमर्यादयोरपि'. फोडून सांगतो. अब्धि म्हणजे समुद्र, अंबु म्हणजे पाणी, विकृति म्हणजे बदल. समुद्राच्या पाण्यात होणारा बदल तो वेला. आणि पुढे, काल आणि मर्यादा या अर्थांनीही वेला.

म्हणजे इंग्रजीने जे केलं तेच आपल्या शब्दात आधीपासून होतं. एकाच शब्दात वेळ आणि भरती-ओहोटी. वर मर्यादा, म्हणजे पाणी जिथवर येतं ती रेषा, किनारा. आपला रोजचा 'वेळ' हा शब्द याच वेलेतून आला. कोकणीत तर समुद्रकिनाऱ्याला अजूनही 'वेळ' म्हणतात. 'वेळेर' म्हणजे किनाऱ्यावर.

काल रात्री हे सापडलं तेव्हा बराच वेळ नुसता बसून राहिलो. आपण दिवसातून पन्नासदा वेळ वेळ करतो, आणि त्या शब्दाच्या तळाशी दर्या आहे.

दादरचे मास्तर | मंगळवार, रात्री १०:४५

शाबास! 'काळवेळ' मी सकाळी सहज लिहून गेलो होतो. 'टाइम अँड टाइड'ला याहून चपखल जोड दुसऱ्या कुठल्या भाषेत मिळणार? पस्तीस वर्षं वर्गात हे सांगायचं राहून गेलं, याची हळहळ वाटते.

माहीमची | मंगळवार, रात्री ११:००

अंगावर काटा आला. वाक्यात 'वेला' वापरता येणार नाही, कोणाला कळणार नाही हे खरं. पण माझ्या वहीत तो शब्द पहिल्या पानावर गेला.

आता एकत्र ठेवून बघते. इंग्रजाने घड्याळाकडे बघून नाव ठेवलं. स्पॅनिश माणसाने समुद्राचंच नाव दिलं. आणि आपण भांड्याकडे बघितलं, पाणी भरलं की भरती. घागर भरते तसा दर्या भरतो. म्हणूनच आपल्याकडे पोलीस भरती, गावात मातीची भरती. कुठेही भर पडली की भरतीच.

अभियंता_परळ | बुधवार, दुपारी १२:४०

शब्दांच्या या चर्चेत एक गंभीर मुद्दा मांडायचा आहे, कारण त्याने मुंबईकरांची खरोखर दिशाभूल होते.

दर पावसाळ्यात बातमी येते, 'आज समुद्रात ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार'. हे चूक आहे. तो आकडा लाटेचा नाही, भरतीचा आहे. सागरी नकाशांसाठी एक खालची पातळी शून्य धरलेली असते, तिच्यापासून पाणी किती वर चढेल ते त्या आकड्यात सांगितलेलं असतं. मुंबईत उधाणाच्या दिवसांत सरासरी भरती ४.४ मीटरच्या आसपास जाते आणि ओहोटी पाऊण मीटरपर्यंत उतरते. भांगात भरती ३.३ च्या जवळ थांबते. पावसाळ्यातल्या काही दिवसांत भरती पावणेपाच-पाच मीटरकडे जाते. त्या दिवशी वारा नसेल तर लाट गुडघाभरही नसेल. आणि वारा असेल तर त्या ४.८ वर लाटेची उंची आणखी चढते. म्हणजे शब्द चुकला की धोका दोन्ही बाजूंनी चुकीचा कळतो. अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद ठेवली जाते, इतकी जुनी नोंद ज्या शहराकडे आहे तिथे भरती आणि लाट एक समजली जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

हे का महत्त्वाचं तेही सांगतो. शहराच्या पावसाळी नाल्यांची समुद्राकडची बरीच तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीत ती बंद करावी लागतात, नाहीतर समुद्र उलटा शहरात शिरेल. तेवढा वेळ पावसाचं पाणी आतच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि दुपारी समुद्राला मोठी भरती होती. पाण्याला जायला वाटच उरली नाही. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध ही उदंचन केंद्रं त्याचसाठी आहेत, भरती असतानाही पाणी उचलून समुद्रात टाकायला. उदंचन केंद्र म्हणजे पंपिंग स्टेशन, फलकावर हाच शब्द असतो.

स्पॅनिशमध्ये ही गल्लत होते का?

माहीमची | बुधवार, दुपारी २:१५

लाटेला तिकडे 'ओला'. सगळ्या लाटा मिळून 'ओलेआखे'. समुद्र खवळून उठला की 'मारेखादा'. हा मारेआसारखा ऐकू येतो, पण अर्थ खवळलेल्या पाण्याचा. मारेआ आणि ओला मात्र कधी एकमेकांच्या जागी येत नाहीत.

गल्लत झाली ती इंग्रजीत. सुनामीला कित्येक वर्षं 'टायडल वेव्ह' म्हणत, आणि सुनामीचा भरती-ओहोटीशी संबंध नाही. स्पॅनिशमध्ये त्याला 'मारेमोतो'. भूकंपाला तेर्रेमोतो, भूमी हलली म्हणून. तसा समुद्र हलला की मारेमोतो. कारण नावातच ठेवलं आहे. तुमचा मुद्दा मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार आहे, जूनच्या आधी.

दर्यावर्दी | बुधवार, रात्री ८:५०

अभियंत्यांना पूर्ण दुजोरा. मारेआचे काही अर्थ पाण्याबाहेरचेही आहेत, ते राहिले होते. 'मारेआ नेग्रा', काळी, म्हणजे समुद्रात सांडलेलं तेल. 'मारेआ रोखा', लाल, म्हणजे सूक्ष्म शैवालांनी रंगलेलं पाणी. 'मारेआ उमाना' म्हणजे माणसांचा लोंढा, आपला जनसागर. मासळी धंद्यात बोटीच्या एका खेपेलाही मारेआ म्हणतात. आणि सगळ्यात सुंदर, 'कोंत्रा बियेंतो इ मारेआ', वारा आणि भरती दोन्ही विरुद्ध असताना. काहीही झालं तरी, असा अर्थ. शिडाच्या जहाजावर या दोन्ही गोष्टी एकदम उलट्या असल्या की काय होतं हे ज्याने भोगलं त्याचेच हे शब्द.

भटक्या | गुरुवार, सकाळी ६:५५

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीत चालत गाठायचा असतो, त्यामुळे आम्हा किल्ल्यांवर फिरणाऱ्यांना एक हिशेब तोंडपाठ. इथे तो कोणी दिला नाही याचं नवल वाटलं. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता भरती, नऊच्या सुमाराला ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, मधलं अंतर सव्वासहा तासांच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मुंबई-अलिबागकडे हिशेब चांगला बसतो.

कारण सोपं आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, भरतीही तेवढीच मागे सरकते. तिथी हे चंद्राचं घड्याळ, म्हणून तिथीवरून पाणी कळतं. इंग्रजी तारखेवरून नुसता हिशेब करून दाखवा, जमणार नाही.

शब्दवेडा | गुरुवार, सकाळी ९:३०

म्हणजे तिथी सांगते वेळ, आणि वेळ सांगते वेला. अमरकोशातल्या त्या ओळीला इतका चांगला दाखला मला सुचला नसता.

वेसावकरीण | गुरुवार, सकाळी ११:००

पाऊणपट आमच्याकडे कोणी मोजत नाही, अंगातच असते. पण हिशेब बरोबर आहे.

ताई, तुमचं मूळ वाक्य राहिलं की. होड्यांचं काय लिहिलंत शेवटी?

माहीमची | गुरुवार, रात्री ९:१०

स्पॅनिश असं झालं: 'लास बार्कास सालेन कोन ला मारेआ बीबा.' बाईंनी बरोबरची खूण केली. मराठीतही केलं, कोणी मागितलं नव्हतं तरी: 'उधाणाच्या भरतीला होड्या बाहेर पडतात.'

वेसावकरीण | गुरुवार, रात्री ९:२५

'बाहेर पडतात' घरातून. होड्या लोटतात. किनाऱ्यावर बसलेली होडी भरतीचं पाणी खाली आलं की लोटायची. 'उधाणाच्या भरतीला होड्या लोटतात' असं करा.

माहीमची | शनिवार, सायंकाळी ७:०५

बदललं.

आज सप्तमी होती. सात पाऊण सव्वापाच, म्हणून पाचला रेतीबंदरला जाऊन उभी राहिले, वही घेऊन. भांगाचं पाणी, फार चढलं नाही. सव्वापाचला अजून हळूहळू येतच होतं, काठावरच्या एका दगडावर डोळा ठेवून बघत होते. पावणेसहाच्या आसपास दगडाचं टोक ना बुडेना ना उघडं पडेना. बांधलेल्या होड्यांचे दोर सैल पडले होते, कुठल्याच बाजूला ओढ नाही. पाण्यावरचा नारळ होता तिथेच फिरत राहिला. सहा-सात मिनिटं तशीच गेली असतील. मग तो नारळ समुद्राच्या दिशेला निघाला.

वहीत लिहिलं, एस्तोआ. वेसावकरीण ताई, तुमच्याकडे या मधल्या पाण्याला काय म्हणतात?

वेसावकरीण | शनिवार, रात्री ८:४०

त्या वेळी आमच्यातलं कोणी बोलत नाही हो. सगळे जाळं उचलत असतात.